बेडकाचा पाय आणि बाईंचा खांदा

मुलांनो, हा अंक जरा खाली ठेवा आणि उभे राहा. दोन्ही हात अंगालगत खाली सोडा. आता उजवा हात बाजूने हळूहळू वर उचला. खांद्याच्या रेषेत आला? आणखी वर न्या. दंड कानाला टेकला? शाब्बास! बसा खाली.

काय केलंत तुम्ही आत्ता? म्हणाल, "काय म्हणजे? हात वर केला!" वर्गात उत्तर येत असलं की दिवसातून वीस वेळा तुम्ही तो वर करता. (आणि उत्तर येत नसलं की बाईंची नजर चुकवता, तेही मला ठाऊक आहे.) पण एवढं साधं काम करताना खांद्याच्या आत काय काय घडतं, ते मलाही माहीत नव्हतं. माझाच खांदा बिघडला तेव्हा कळलं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. रोज सकाळी फळ्याच्या अगदी वरच्या कडेला वार, तारीख आणि सुविचार लिहायचा, हे माझं पहिलं काम. एके दिवशी सुविचार लिहायला हात उचलला आणि खांद्यात अशी कळ आली की खडूच खाली पडला. गंमत पाहा, हात खाली असला की काहीच दुखायचं नाही. थोडा वर नेला तरी नाही. अर्ध्या वाटेवर मात्र जोराची कळ यायची, आणि तेवढा टप्पा ओलांडून हात पूर्ण वर गेला की पुन्हा कमी व्हायची! आठवडाभर मी सुविचार फळ्याच्या मध्यावर लिहिला. मुलं विचारू लागली, "बाई, सुविचार खाली का आला?"

शेवटी दवाखान्यात गेले. खांद्याचा फोटो काढला. फोटो म्हणजे क्ष-किरणांचा हं! आपल्याकडे त्याला फोटोच म्हणतात. फोटो अगदी स्वच्छ निघाला. सगळी हाडं जागच्या जागी. झालं! जो तो म्हणू लागला, "फोटोत काही नाही ना? मग कशाला काळजी करता?" एकजण तर हसत म्हणाले, "पेपर तपासायची वेळ आली की खांदे दुखतातच!" सगळे हसले. मीही हसले. पण मनातून फार वाईट वाटलं. दुखत होतं हो खरंच!

आणि त्याच वेळी मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. कवायतीच्या तासाला तो एक हात अर्धाच वर करायचा. "दुखतंय बाई," म्हणायचा. मी त्याला दरडावलं होतं, "मधल्या सुट्टीत विटीदांडू खेळताना बरा दुखत नाही!" तो बिचारा खाली मान घालून उभा राहिला होता. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या गावी गेला. त्याचा हात कशाने दुखत होता, ते मला आजही माहीत नाही. कारण मी विचारलंच नव्हतं.

बंद दाराचा फोटो

पुढे मी हाडांच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्या डॉक्टरीणबाईंनी फोटो बाजूला ठेवला आणि विचारलं, "दुखतं कधी?"

"हात वर नेताना."

"आणि फोटो काढला तेव्हा हात कुठे होता?"

"खाली. हलू नका, असं सांगितलं होतं."

"मग फोटोत कळ कशी दिसेल?"

मी चाटच पडले! किती साधी गोष्ट! पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि चौकटीला घासतं, ते तुम्ही पाहिलं असेल. समजा, तुम्ही त्या दाराचा फोटो काढून सुताराला पाठवलात. दार बंद. फोटो झकास. सुतार म्हणेल, "दार तर छान आहे!" ते नेमकं कुठे घासतं, हे कळायला दार उघडायला हवं, लावायला हवं आणि ते हलत असताना बघायला हवं. खांद्याचंही तसंच. हाड मोडलं असेल, सांधा झिजला असेल, तर साधा फोटो ते चटकन दाखवतो. पण दुखणं जर हालचालीतच असेल, तर चित्रही हलणारंच हवं.

आता तुम्ही विचाराल, शरीराच्या आतलं हलणारं चित्र काढायचं कसं? त्याची गोष्ट मोठी मजेची आहे.

एकाच दिवशी दोन गोष्टी

तारीख होती 28 डिसेंबर 1895. जर्मनीतल्या वुर्झबर्ग शहरात रॉन्टजेन नावाच्या प्राध्यापकांनी आपला एक निबंध तिथल्या शास्त्रीय मंडळाकडे दिला. त्यात त्यांनी नुकत्याच सापडलेल्या नव्या किरणांची माहिती लिहिली होती. मांसातून आरपार जाणारे आणि हाडाची सावली दाखवणारे हेच ते क्ष-किरण.

आणि त्याच दिवशी, होय, अगदी त्याच दिवशी, फ्रान्समध्ये पॅरिसच्या एका कॅफेत ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून लोकांना हलती चित्रं दाखवली. हाच सिनेमाचा वाढदिवस मानतात. सहा-सात महिन्यांत हा सिनेमा आपल्या मुंबईतही आला. 7 जुलै 1896 रोजी वॉटसन हॉटेलात त्याचा खेळ झाला.

एक शोध आतलं दाखवणारा, दुसरा हलतं दाखवणारा. दोन्ही एकत्र आले तर? हा विचार स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या एका डॉक्टरांनी प्रत्यक्षात आणला. त्यांचं नाव डॉ. जॉन मॅकिन्टायर. ते घशाचे डॉक्टर, पण विजेच्या कामातही तरबेज. 1896 मध्ये त्यांनी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात क्ष-किरणांचा विभाग सुरू केला. जगातल्या अगदी पहिल्या अशा विभागांपैकी तो एक. आणि 1897 मध्ये त्यांनी क्ष-किरणांची चित्रफीत तयार केली. तिच्यात कोण होतं माहीत आहे? बेडकाचा पाय! पडद्यावर त्या पायाची हाडं वाकताना आणि सरळ होताना दिसत होती. लंडनच्या रॉयल सोसायटीत जमलेल्या विद्वानांनीही ती पाहिली.

चित्रफितीचं तत्त्व सोपं आहे. तुम्ही वहीच्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर माणसाचं थोडं थोडं वेगळं चित्र काढता आणि पानं भराभर सोडता. माणूस पळू लागतो की नाही? तेच हे. आपल्या दादासाहेब फाळक्यांनीही 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी मटाराच्या रोपाचं असंच दिवसांमागून दिवस थोडं थोडं चित्रण केलं होतं. जोडून दाखवल्यावर बघता बघता कोंब वाढताना दिसला! रोपाची वाढ इतकी हळू की डोळ्यांना दिसत नाही, आणि हाडं चामडीआड, म्हणून तीही दिसत नाहीत. चित्रफितीने दोन्ही दाखवलं.

क्ष-किरणांनी शरीरातली हालचाल थेट पडद्यावर बघण्याच्या पद्धतीला फ्लुओरोस्कोपी म्हणतात. अमेरिकेत एडिसननेही 1896 मध्ये त्यासाठी एक उपकरण बनवलं. पण या शोधाची किंमत मोठी होती. साधा फोटो क्षणात निघतो. हालचाल बघायची तर किरण चालूच ठेवावे लागतात. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली नळ्यांची परीक्षा आपल्याच हातांवर करायचा. त्याचे हात भाजल्यासारखे झाले, पुढे कापावे लागले आणि 1904 मध्ये तो वारला. एडिसनने क्ष-किरणांचं काम सोडून दिलं. आज यंत्रं किरण सलग न सोडता अगदी छोट्या छोट्या ठोक्यांनी सोडतात, अंधूक चित्र उजळ करून घेतात, आणि त्यामुळे किरण पुष्कळ कमी लागतात. तरीही डॉक्टर जरूर असेल तरच ते वापरतात. "बघू तरी आत कसं दिसतं" म्हणून क्ष-किरण घ्यायचे नसतात, बरं का!

बशीतला चेंडू

आता खांद्याकडे वळू. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही वाचलं असेल, खांद्याचा सांधा हा उखळीचा सांधा. पण ही उखळ कसली? खुब्याच्या सांध्याला खरीखुरी खोल वाटी असते. खांद्याची मात्र बशीच म्हणा ना! त्या उथळ बशीवर दंडाच्या हाडाचा चेंडू टेकलेला असतो. म्हणूनच हात सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच चेंडू जागेवर ठेवायला चार छोटे स्नायू सतत राबत असतात. त्यांची दोरीसारखी टोकं चेंडूला चिकटलेली असतात. या टोकांना कंडरा म्हणतात.

चेंडूच्या वर खांद्याच्या पात्याचाच एक भाग छपरासारखा पुढे आलेला असतो. खांद्याच्या वर बोट दाबा. ते टणक लागतं ना, तेच छप्पर. छप्पर आणि चेंडू यांच्यामध्ये साधारण एक सेंटिमीटर जागा असते. पेन्सिलीच्या जाडीपेक्षा थोडीशीच जास्त! त्या एवढ्याशा फटीतून एक कंडरा जाते, आणि तिच्यावर घर्षण कमी करणारी एक चपटी, ओलसर पिशवी असते. हात वर जाताना तिथे चेपाचेप होऊन दुखू लागलं, की डॉक्टर त्याला 'इम्पिंजमेंट' म्हणतात. बहुतेक वेळा हात साधारण 60 ते 120 अंशांच्या मध्ये असताना हे दुखतं. माझा खडू पडला तो नेमका याच टप्प्यात!

मग सगळ्यांनाच का दुखत नाही? एक प्रयोग करा. मित्राला किंवा मैत्रिणीला पाठमोरं उभं करा. पाठीवर खांद्याचं त्रिकोणी पातं असतं. त्याच्या खालच्या टोकावर आपला अंगठा ठेवा. आता त्यांना हात बाजूने सावकाश वर न्यायला सांगा. काय झालं? अंगठ्याखालचं टोक बाहेरच्या बाजूला सरकलं! म्हणजे हात वर जाताना एकटा दंडच फिरत नाही, पातंही फिरतं. पात्याबरोबर छप्परही वर उचललं जातं आणि खालून चेंडूला वाट मिळते.

अमेरिकेत 1944 मध्ये इन्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांची चित्रं घेऊन याचं माप काढलं. हात 180 अंश वर गेला, तर त्यातले सुमारे 120 अंश दंडाच्या सांध्यात आणि 60 अंश पात्याच्या फिरण्यात. म्हणजे प्रमाण 2:1. अर्थात हे ढोबळ प्रमाण. माणसामाणसात आणि हाताच्या प्रत्येक टप्प्यावर ते थोडं बदलतं. लेझीम खेळताना एकाचा ठेका चुकला की रांग कशी एकमेकांवर आदळते! तसंच इथे. पातं मागे राहिलं किंवा दमलेल्या स्नायूंच्या हातून चेंडू थोडा वर सरकला, तर फटीत गर्दी होते. आणि ठेका चुकला की नाही, हे उभ्या रांगेकडे बघून सांगता येईल का? लेझीम चालू असतानाच कळेल!

पडद्यावर माझाच खांदा

डॉक्टरीणबाईंनी माझी तपासणी क्ष-किरणांनी नाही, सोनोग्राफीने केली. यात किरण नसतात, आवाज असतो. पण आपल्याला ऐकू न येणारा. आपल्या कानांना सेकंदाला फार तर वीस हजार कंपनं ऐकू येतात. खांद्याच्या तपासणीतल्या आवाजाची कंपनं सेकंदाला एक कोटीच्या आसपास असतात! वटवाघळासारखंच यंत्र आवाज पाठवतं, परत आलेला प्रतिध्वनी पकडतं आणि त्याचं चित्र करतं.

मला स्टुलावर बसवलं. खांद्याला गार गार चिकट मलम लावलं. मध्ये हवा राहिली तर आवाज आत शिरत नाही, म्हणून ते लावतात. मग साबणाच्या वडीएवढा एक ठोकळा खांद्यावर टेकवला, आणि पडद्यावर काळंपांढरं चित्र उमटलं.

"ही पांढरी रेघ म्हणजे छप्पर," त्या म्हणाल्या. "आवाज हाडातून पुढे जात नाही, म्हणून तिच्याखाली काळी सावली आहे. ही गोल रेघ म्हणजे चेंडू. मधला रेघारेघांचा पट्टा दिसतो ना, ती कंडरा. आता हात वर न्या. सावकाश."

मी हात उचलू लागले. पट्टा सरकायला लागला. छपराच्या सावलीत शिरू लागला. मी श्वास रोखून बघत होते. आणि एकदम कंडरेवरची ती पातळ पिशवी छपराच्या कडेशी गोळा झाली. कपाटाखाली सतरंजी सरकवताना ती पुढे जायची सोडून चुणून गोळा होते ना, अगदी तशी!

"आई गं!" मी ओरडले.

"आत्ता दुखलं?"

"आत्ताच!"

पडद्यावर जे दिसलं आणि मला जे दुखलं, ते दोन्ही एकाच क्षणी. त्यांनी लगेच माझा दुसरा, न दुखणारा खांदाही तसाच तपासला. तिथे पट्टा अलगद सावलीत शिरला. खरं सांगू? मला रडूच आलं. दुखल्यामुळे नाही. कोणीतरी माझं दुखणं खरं मानून ते शोधायला निघालं होतं म्हणून.

दोन डोळे का हवेत?

सोनोग्राफीला छपराखालचं दिसत नाही, ते सावलीत लपतं. मग तिथलं संशोधन कसं करतात? आणखी एक प्रयोग करा. दोन हातांत दोन पेन्सिली घ्या. एक डोळा मिटा आणि हात जरा लांब धरून दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून दाखवा. चुकलात ना? आता दोन्ही डोळे उघडे ठेवून करा. जमलं! एका डोळ्याला खोली नीट कळत नाही.

एका क्ष-किरण यंत्राचंही तसंच होतं. म्हणून संशोधक दोन यंत्रं दोन वेगळ्या दिशांनी खांद्यावर रोखतात. माणूस हात वर नेतो आणि दोन्हीकडून एकाच वेळी चित्रफिती निघतात. त्या माणसाच्या हाडांचं घन चित्र सीटी स्कॅनवरून आधीच तयार असतं. संगणक ते हाड दोन्ही सावल्यांशी तंतोतंत जुळेपर्यंत फिरवतो. मग चेंडू बशीत किती वर सरकला, हे एका मिलिमीटरपेक्षाही बारीक मापाने सांगता येतं. अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या संशोधकांनी हे काम केलं आहे. अर्थात ही झाली प्रयोगशाळेतली पद्धत. नेहमीच्या रुग्णाला ती लागत नाही.

चित्राला विचारा, माणसालाही विचारा

आता एक महत्त्वाची गोष्ट. चित्र हलतं झालं म्हणून ते सगळंच सांगतं, असं नाही.

1972 मध्ये अमेरिकेतले डॉ. चार्ल्स नीअर यांनी म्हटलं की, छपराची खालची कड कंडरेला घासते म्हणून खांदा दुखतो. मग ती कड तासून टाकायची शस्त्रक्रिया सुरू झाली. जगभर हजारो लोकांवर ती झाली. पण तासल्यामुळेच बरं वाटतं का? हे ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी तपासलं. 32 रुग्णालयांतले 313 रुग्ण त्यासाठी तयार झाले. काहींची कड खरोखर तासली. काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून पाहिलं, तासलं काहीच नाही. काहींवर शस्त्रक्रियाच केली नाही. 2018 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तासलेले आणि न तासलेले, दोघांना सारखंच बरं वाटलं होतं! शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या मानाने त्यांना किंचित जास्त आराम होता, पण फरक अगदी थोडा.

म्हणजे 'फट अरुंद, म्हणून दुखणं' एवढं सोपं गणित नाही. फटीत गर्दी दिसते पण दुखत नाही, असेही लोक असतात. फाटलेली कंडरा घेऊन मजेत काम करणारेही असतात. म्हणून चांगले डॉक्टर पडद्याकडे बघताना रुग्णाच्या तोंडाकडेही बघतात आणि विचारतात, "आत्ता दुखलं?"

मला कसलीही शस्त्रक्रिया लागली नाही. पात्याचे आणि खांद्याचे स्नायू बळकट करायचे व्यायाम दिले. रबरी पट्टा ओढायचा, भिंतीला हात टेकून ढकलायचं, रोज, न कंटाळता. शाळेत शिपाईमामांनी फळ्यापाशी एक लाकडी पाट आणून ठेवला, म्हणजे हात फार उंच न्यायला नको. तीन महिन्यांनी सुविचार पुन्हा फळ्याच्या वरच्या कडेला गेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या!

आणि तुम्ही काय कराल? तुमचा खांदा, गुडघा, काहीही दुखत असेल, तर घरी नुसतं "दुखतंय" म्हणू नका. कधी दुखतं, काय करताना दुखतं, कुठे आल्यावर थांबतं, हे नीट बघा आणि सांगा. गोलंदाजी करताना? दप्तर उचलताना? पोहताना? डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो. दुखणं लपवून खेळत तर मुळीच राहू नका.

दुसरं काम जरा अवघड आहे. वर्गातलं कोणी "दुखतंय" म्हणालं आणि वरून काहीच दिसत नसलं, तर हसू नका. विचारा, "कधी दुखतं?"

मी आता कवायतीच्या तासाला तेच विचारते. ज्याला विचारायचं राहून गेलं, तो मुलगा आता मोठा झाला असेल. हा अंक त्याच्या हाती पडला, तर त्याला सांगायचं आहे, "बाळा, तुझं खरं होतं. बाईंचंच चुकलं."